शिष्य करायचं भेव

पाळकसाहेब म्हणाले, "प्रत्येकानं एक माणूस घ्यायचा," आणि मी पायाखालच्या फरशीकडे पाहायला लागले.

चर्चमधली रविवारची उपासना संपली होती. बाकीचे लोक आवारात चहा घेत होते. आम्हा थोड्या जणांना त्यांनी पुढच्या बाकांवर थांबवून घेतलं होतं. अकोल्याच्या आमच्या मंडळीत ते नवेच आले होते. जालन्याकडचे, वयानं माझ्या मुलीएवढे, बोलताना सारखे शर्टाच्या बाह्या वर सारणारे.

"मंडळीचं मुख्य काम एकच," ते म्हणाले. "शिष्य करणं. इमारत, वर्गणी, नाताळचा कार्यक्रम हे सगळं त्या कामासाठी आहे. आपण कार्यक्रम सांभाळतो आणि काम विसरतो. आठवड्यातून एकदा एका माणसासोबत बसायचं. बायबलमधलं वचन वाचायचं. त्याचे प्रश्न ऐकायचे. त्यानं आपल्याला जवळून पाहायचं, आपण त्याला. एवढंच."

एवढंच म्हणे!

मी निवृत्त शिक्षिका. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी पुण्याला. आमच्या गल्लीत ख्रिस्ती घर माझं एकटीचं. पणजीला दुष्काळात मिशननं वाढवलं, तेव्हापासून आम्ही चर्चमध्ये. आजी, आई, मी, सगळ्या त्यातच जन्मलो, त्यातच वाढलो. कुणाला शिष्य करायची वेळ आमच्यावर कधी आली नव्हती. आम्ही संडे स्कूलला गेलो, गाणी पाठ केली, नाताळला शेजारी करंज्या आणि केक वाटले. शेजारीही दिवाळीला ताट पाठवायचे. त्यात भिण्यासारखं काही नव्हतं.

अलीकडे मात्र भीती वाटायला लागली होती. कुठल्याशा गावातला एक व्हिडिओ मोबाईलवर आला. घरात प्रार्थनेला बसलेली माणसं, दाराशी जमलेले लोक, आरडाओरडा, कुणीतरी खुर्ची उचललेली. तो खरा होता की जुना, कुठला होता, काहीच कळलं नाही. पण तो पाहिल्यावर माझ्या पुढच्या दारावरचा लाकडी क्रूस मी काढून आतल्या खोलीत लावला. कुणी विचारलंच तर वाळवी लागत होती म्हणून सांगायचं, असंही ठरवून ठेवलं. कुणी विचारलं नाही. आणि अशा दिवसांत हा मुलगा आम्हाला शिष्य करा म्हणत होता.

"बाई," ते माझ्याकडे वळून म्हणाले, "मागच्या बाकावर एक ताई येऊन बसतात, फुलांची टोपली घेऊन. त्यांना शिकायचंय. तुम्ही बसाल का त्यांच्यासोबत?"

मी मान हलवली. ती हो म्हणायला हलवली की नाही म्हणायला, हे मलाच नीट माहीत नव्हतं. त्यांनी हो धरलं.

त्या बाईला मी पाहिलेलं होतं. बार्शीटाकळीकडच्या एका खेड्यातून ती फुलं घेऊन अकोल्याच्या बाजारात यायची. झेंडू, शेवंती, कधी गुलाब. घरची दोन-अडीच एकर जमीन, विहीर, फुलं आणि भाजीपाला. रविवारी माल लवकर खपला की ती रिकामी टोपली घेऊन चर्चमध्ये यायची, टोपली बाकाखाली सारायची आणि शेवटच्या प्रार्थनेआधी उठून बस पकडायला निघून जायची.

पहिल्यांदा ती माझ्याकडे आली तेव्हा मी स्वयंपाकघरात बसवलं. पुढच्या खोलीची खिडकी रस्त्यावर उघडते. मी धडा तयार करून ठेवला होता, शाळेत करायचे तसा. ती पाणी प्यायली, डोक्यावरचा पदर सारखा करून मी काही म्हणायच्या आत बोलायला लागली.

"बाई, मी पह्यलेच सांगून देतो. माया पोरीले झटके येत होते. दवाखान्यात होतो आमी. तुमच्या मंडळीतली एक बुढी माय रोज यायची. डबा आणायची, पोरीच्या डोक्यावर हात ठेवून पुटपुटायची अन् जायची. पोरगी गोळ्यायनं बरी झाली, थे मले मालूम हाय. अजूनही गोळ्या चालूच हायेत. पण थे बाई काहून यायची? आमी तिचे कोन? थे मले समजून घ्याचं हाय."

दवाखान्यात जाणारी ती म्हातारी बाई आता या जगात नव्हती. नाहीतर तिच्याकडेच पाठवलं असतं.

"मग इथं यायला घरच्यांची ना नाही?" मी विचारलं.

"मालकाले सांगतलं. थे म्हणे, फुलं इकून वेळ उरते तं जाय. बुढीले अजून नाई सांगतलं." बुढी म्हणजे तिची सासू.

तिच्या घरात न सांगितलेली एक गोष्ट होती आणि ती गोष्ट म्हणजे माझं स्वयंपाकघर.

आम्ही बसायला लागलो. तिला वाचता येत होतं, सावकाश, बोट ठेवून. माझे तयार धडे पहिल्याच आठवड्यात बाजूला पडले. ती भलतंच विचारायची. प्रभूनं त्या कोळ्यांना माझ्यामागे या म्हटलं आणि ते जाळी टाकून गेले, तर त्यांच्या बायकांनी काय केलं? त्या दिवशी घरी चूल पेटली का? साठ वर्षं मी ती गोष्ट ऐकत आले होते. बायकांचा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता.

एकदा ती म्हणाली, "बाई, तुमाले भेव वाटते का?"

"कशाचं?"

"माया येण्याचं."

"छे गं," मी म्हटलं.

ती हसली. "मंग मी आली का तुमी खिडकी काहून लावून घेता?"

पाळकसाहेब म्हणाले होते, त्यानं आपल्याला जवळून पाहायचं. हे असं पाहणं त्यांनी सांगितलं नव्हतं. मी उठून खिडकी उघडली, रस्त्यावरून कुणी जातंय का पाहिलं, आणि ती गेल्यावर पुन्हा लावली.

शेजारीणबाईंनी एकदा कुंपणावरून विचारलं, "फुलवाली नेमानं येते वाटतं तुमच्याकडे? आम्हालाही सांगा न, श्रावणात लागतात फुलं." साधा प्रश्न होता. त्यांच्या मुलाला मी दहावीपर्यंत मराठी शिकवलं होतं. तरी घरात आल्यावर मी दाराची कडी लावून घेतली.

मग एका दुपारी गेटसमोर मोटारसायकल थांबली. दोन तरुण. उतरले नाहीत. मागच्यानं मोबाईल वर धरला, घराचा फोटो काढला आणि ते निघून गेले. मी पडद्याआडून पाहत होते. ती फुलवाली तेव्हा आत बोट ठेवून वाचत होती. मी तिला काही बोलले नाही. तिचा आवाज चालू होता, तो मला ऐकूच येईना.

संध्याकाळी आमच्या गल्लीच्या ग्रुपवर तो फोटो आला. माझं गेट, माझी बोगनवेल. खाली लिहिलं होतं की या भागात धर्मांतर चालू आहे, सर्वांनी सावध राहा. त्या ग्रुपवर पाण्याची वेळ आणि हरवलेली मांजरं येतात, आणि मीही त्यातच आहे. माझ्याच हातातल्या मोबाईलवर मी माझं घर पाहत होते. कुणीतरी खाली लिहिलं, "हे तर आपल्या बाईंचं घर आहे." थोड्या वेळानं ते पुसलं गेलं. मग फोटोही पुसला गेला. ते का पुसलं, कुणी पुसायला लावलं, मला कुणी सांगितलं नाही.

सकाळी शेजारीणबाई गेटपाशी आल्या. आत आल्या नाहीत. "बाई, थोडे दिवस बंद ठेवा न," एवढंच म्हणाल्या. त्या काळजीनं म्हणाल्या की इशारा देत होत्या, हे मी त्यांच्या चेहऱ्यावर शोधत राहिले. आजही मला ते ठरवता येत नाही.

मी पिशवी भरली आणि अमरावतीला निघून गेले.

अमरावतीला माझा मोठा भाऊ राहतो. आमचं मूळ घर तिथलंच. तो तिथल्या जुन्या मंडळीत कमिटीवर आहे. ईस्टर जवळ आला होता, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं आई-बाबांच्या कबरी साफ करायला गेलो. ऊन चढायला लागलं होतं. त्यानं विळ्यानं गवत कापलं, मी बादलीतून पाणी ओतून दगड घासला. घासता घासता मी सगळं सांगितलं.

तो उभा राहिला. "तुला कुणी सांगितलं होतं हे?"

"पाळकसाहेब म्हणाले, मंडळीचं मुख्य काम तेच आहे."

"मुख्य काम!" त्यानं विळा कबरीच्या कठड्यावर ठेवला. "मुख्य काम उपासना. प्रभूचं नाव घ्यायचं, प्रभुभोजन घ्यायचं, आपली लेकरं वाढवायची, आपली माणसं नीट पुरायची. हे बघ." त्यानं आजूबाजूच्या कबरींवरून हात फिरवला. "हे कोण सांभाळणार? उद्या केस झाली, आवाराला कुलूप लागलं, तर हे पोरगं बदली घेऊन जालन्याला जाईल. आपण कुठं जायचं?"

"पण दादा, आपली पणजी? तिच्याजवळ कुणीतरी बसलंच असेल न? तिला अक्षरं शिकवली असतील, तिचे प्रश्न ऐकले असतील. नाहीतर आपण इथं कसे?"

"थो जमाना वेगळा होता." भाऊ घाबरला की त्याची भाषा बदलते. लहानपणापासून मी ओळखते. "तुले समजून नाई राहिलं. तू एकटी राह्यतं तिथं. कोनी दगड मारला तं मी इथून कसा येऊ?"

मी त्याच्याकडे पाहिलं. आमच्या घरात कुणालाही न भिणारा माणूस म्हणून तो प्रसिद्ध. परत जाताना त्याच्या गाडीच्या मागच्या काचेवर मला एक चौकोनी चिकट डाग दिसला. तिथं क्रूसाचं स्टिकर होतं. मी काही विचारलं नाही आणि त्यानंही माझ्या नजरेकडे दुर्लक्ष केलं.

अकोल्याला येताना बसमध्ये मी ठरवून टाकलं. तिला सांगायचं, आता येऊ नकोस. रविवारी चर्चमध्ये ये, बस, ऐक, घरी जा. मूर्तिजापूर गेल्यावर मी ते वाक्य मनात दोन-तीन तऱ्हांनी जुळवून पाहिलं. तिला वाईट वाटणार नाही असं एकही जुळलं नाही. तरी मला हलकं वाटत होतं. पाळकसाहेबांना फोन केला तर ते म्हणाले, "बाई, मी तुम्हाला आग्रह करणार नाही. तुम्ही ठरवा." त्यानं आणखी हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

ती यायच्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास गेटची कडी वाजली. मी दार उघडलं तर समोर ती नव्हती. नऊवारी नेसलेली एक म्हातारी होती, कपाळावर मोठं कुंकू, हातात कापडी पिशवी. मागे एक पस्तिशीतला माणूस. रस्त्यावर मोटारसायकलला टेकून आणखी एक जण उभा होता. मोटारसायकल तीच की दुसरी, ते मला ओळखता येईना.

"तुमीच का शाळेतल्या बाई?" म्हातारीनं विचारलं. "मी तिची सासू. हा माया पोरगा."

दार लावून घ्यावं असं वाटलं. शेजारच्या घराकडे पाहिलं. तिथलं दार बंद होतं. शेवटी मी बाजूला झाले आणि ती दोघं आत आली. तिसरा बाहेरच राहिला. म्हातारीच्या लुगड्याला झेंडूचा उग्र वास येत होता. ती खुर्चीवर न बसता खाली बसली, म्हणून मीही खाली बसले. पाणी आणायला उठले, पेला दिला, तर अर्धं पाणी तिच्या पिशवीवर सांडलं.

तिनं पेला घेतला. तेव्हा मला दिसलं की तिचाही हात हलतोय. वयानं हलत असेल असं आधी वाटलं. पण तिचे ओठही हलत होते, बोलायच्या आधी माणसाचे हलतात तसे.

"सुनेनं काल सांगतलं आमाले सगळं," ती म्हणाली. "गावात बोलून राहिले लोकं. बाहीर थो उभा हाय न, थो आमच्या भावकीतला. त्यानंच सांगतलं का तुमच्या घराचा फोटू फिरते मोबाईलवर. मंग म्या सुनेले इचारलं. थे खोटं नाई बोलली."

"बाई, लोकं मले इचारून राहिले, तुले काय भेटलं," तिचा मुलगा म्हणाला. तो इतका वेळ माझ्याकडे न पाहता जमिनीकडे पाहत होता. "मले काय भेटलं? मी काय सांगू?"

"काही मिळालं नाही. काही दिलं नाही," मी म्हटलं. "चहा देते, तेवढाच."

"थे मले मालूम हाय," तो म्हणाला.

म्हातारी पुढे सरकली. "तुमी तिले शिकवता काय?"

आयुष्यभर मी शिकवण्याचंच काम केलं. असा प्रश्न मला अधिकाऱ्यांनी विचारला, पालकांनी विचारला. एवढी भीती कधी वाटली नव्हती. आता चुकीचा शब्द बोलले तर काय होईल, बाहेरचा माणूस आत येईल का, हेच डोक्यात होतं. मी म्हटलं, "आम्ही वाचतो. मागच्या वेळी वाचलं ते सांगू?"

"सांगा."

मी सांगितलं. प्रभूला मारायला नेणार होते, त्याच्या आदल्या संध्याकाळी तो आपल्या शिष्यांसोबत जेवायला बसला. मग उठला, कमरेला टॉवेल बांधला, पाणी घेतलं आणि एकेकाचे पाय धुतले.

"गुरूनं?" म्हातारीनं विचारलं.

"हो."

"चेल्यायचे?"

"हो."

ती मुलाकडे वळली. "आयकलं का?" मग पुन्हा माझ्याकडे. "चांगली हाय गोठ. वाईट नाई. पण बाई, माया सवाल वेगळाच हाय." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "मले हा एकच पोरगा. सून चांगली हाय, माया पोरीवानी हाय. थे तुमच्यात आली तं भावकी आमाले सोडीन. नातीच्या लग्नाले मांडवात कोन उभं राहीन? मी मेली तं मले कोन कोन पोचवाले येईन? थे पिंडाले हात लावीन का नाई लावीन? थे मले सांगा. तुमी शिकलेल्या हा."

बाहेर त्या माणसानं कुणाला तरी फोन लावला होता, त्याचा आवाज येत होता.

इतके दिवस मी या लोकांना भीत होते. आता ही म्हातारी माझ्या समोर बसून मला भीत होती. माझ्यासारख्या, खिडकी लावून घेणाऱ्या बाईला. आणि तिची भीती माझ्या भीतीपेक्षा खरी होती, कारण माझ्यावर दगड येईल हे नुसतं माझ्या मनात होतं, आणि तिच्या घरातली भावकी रस्त्यावर प्रत्यक्ष उभी होती. पाळकसाहेबांनी एक माणूस घ्या म्हटलं होतं. पण एक माणूस असा एकटा येत नाही. त्याच्यामागे सासू येते, नवरा येतो, नातीचं लग्न येतं, पिंडाचा भात येतो. हे सगळं मी माझ्या स्वयंपाकघरात बोलावून बसले होते आणि मला त्याचा पत्ताच नव्हता.

"मला माहीत नाही, आजी," मी म्हटलं. "खरंच माहीत नाही. मी तिला घरातून तोडायला बसवलं नाही, एवढं मला माहीत आहे."

"पण तुटलं तं?"

मी रिकामा पेला उचलून बाजूला ठेवला.

म्हातारी म्हणाली, "मले वचन द्या. मी जित्ती हावो तोवर तिले पाण्यात उतरवू नका."

बाप्तिस्म्याचं म्हणत होती. हो म्हणून टाकावं, असं मला फार वाटलं. हो म्हटलं असतं तर ती उठली असती, मोटारसायकल गेली असती, मी दार लावलं असतं. पण तिच्या सुनेचं बोट डोळ्यांसमोर आलं, ओळीखालून सरकणारं. "ते माझ्या हातात नाही," मी म्हटलं. "पाळकांच्याही हातात नाही. तिनंच ठरवायचं. पण तुम्ही आलात, हे विचारलंत, ते मी तिला सांगेन. तिनं याचा विचार केल्याशिवाय काही करू नये, हेही सांगेन."

"मंग मी तिलेच इचारतो," म्हातारी म्हणाली. गुडघ्यावर हात टेकून उठली. दाराशी गेल्यावर पिशवीत हात घातला आणि झेंडूची दोन-चार फुलं काढून माझ्या हातात दिली. कुणाच्या घरी रिकाम्या हातानं जायचं नाही म्हणून आणली असतील. आल्या आल्या द्यायची राहून गेली असतील. मी ती फुलं मुठीत धरून मोटारसायकल आणि ती दोघं कोपऱ्यावरून वळेपर्यंत उभी होते. मग आत येऊन जमिनीवर बसले आणि मला रडू फुटलं.

त्यानंतर काही दिवसांनी पाळकसाहेबांना पोलीस ठाण्यात बोलावलं. कुणीतरी तक्रार दिली होती. मलाही यायला सांगितलं. ठाण्यातल्या साहेबांनी मला खुर्ची दिली, पाणी मागवलं, आवाज चढवला नाही. त्यांनी विचारलं, "तुम्ही त्यांना काय शिकवता?" मी तेच सांगितलं जे म्हातारीला सांगितलं होतं. ते लिहून घेताना हवालदारानं एकदा हात थांबवला आणि "पाय?" असं विचारून पुन्हा लिहायला लागला.

फुलवालीलाही बोलावलं होतं, नवऱ्यासोबत. ती माझ्या शेजारच्या बाकावर बसली. तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मले कोनी नेलं नाई साहेब. मी मायाच मनानं जातो. माया मालकाले मालूम हाय, बुढीले मालूम हाय." तिचा आवाज चिरकत होता. नवरा मान खाली घालून तिच्या मागे उभा होता. बोलला नाही, पण बाजूलाही झाला नाही. आम्हाला जाऊ दिलं. पुढे त्या तक्रारीचं काही झालं नाही. काही झालं नाही हे कळायला मात्र बरेच महिने जावे लागले, आणि त्या महिन्यांत फोन वाजला की मी आधी नंबर पाहायचे.

मग आमच्या मंडळीची कमिटी बसली, मीही तिच्यात होते. घरोघरी बसणं बंद करायचं का, एवढाच विषय होता. एक वयस्कर पंच म्हणाले, "मंडळी टिकली तर शिष्य होतील." पाळकसाहेब म्हणाले, "शिष्य झाले नाहीत तर मंडळी कशी टिकेल? आपल्या घरातली पोरं तरी कुठं शिष्य आहेत? रविवारी येतात, मोबाईल पाहतात, जातात. मी बाहेरच्यांबद्दल बोलतच नाहीये. आपण आपल्याच माणसांजवळ कधी बसतो?" ते खरं होतं. पण पंचांचंही खरं होतं. हात वर करायची वेळ आली तेव्हा बहुतेकांनी बंद करायच्या बाजूनं केले. माझे दोन्ही हात मांडीवरच राहिले.

उठताना पाळकसाहेब माझ्यापाशी आले. "तुम्हाला फार त्रास झाला माझ्यामुळे," ते म्हणाले. मी विचारलं, "तुम्हाला भीती वाटत नाही का हो?" त्यांनी बाह्या वर सारल्या. "बायको माहेरी गेलीय, लेकराला घेऊन. मी म्हटलं, थोडे दिवस तिकडेच राहा." मग थोडं थांबून म्हणाले, "पहिल्या दिवसापासून वाटतेय, बाई. मला वाटलं होतं, तुम्हा लोकांना वाटत नसेल. तुम्ही जुने." पुढच्या वर्षी त्यांची बदली झाली. भाऊ म्हणाला, "मी म्हटलं होतं न?" पण ते स्वतःहून गेले नव्हते, त्यांना हलवलं होतं. एवढं मी दादाला सुनावलं.

फुलवालीचा बाप्तिस्मा झालेला नाही. तिनं सासूचं ऐकून तसं ठरवलं की अजून काही ठरवलंच नाही, हे मी विचारत नाही. तिनं एकदा एवढंच सांगितलं, "बुढीनं मले इचारलं, मी नाई सोडून जात म्हटलं. प्रभूलेही तेच सांगतलं." या दोन्ही गोष्टी एकत्र कशा बसणार, हे मला अजून कळत नाही. तिला कळत असेल.

घरी ती येत नाही. रविवारी येते. मीही आता माझा पुढचा नेहमीचा बाक सोडून मागे तिच्याजवळ बसते. वचन चालू असताना ती हळूच काहीतरी विचारते, मी हळूच सांगते. कमिटीच्या ठरावात हे बसतं की नाही, हा विषय कुणी काढलेला नाही. प्रभुभोजनाच्या भाकरीचं ताट फिरत येतं, त्यातलं बाप्तिस्मा झालेल्यांनीच घ्यायचं असतं, म्हणून ती ते माझ्या हातात देते आणि खाली पाहते. दरवेळी मला वाटतं, काही म्हणावं. मग मी ताट पुढं सरकवते.

मंडळीचं केंद्र काय असावं, यावर नवे पाळक मधून मधून बोलतात. मी ऐकते. मला आता अशा बोलण्यात हात वर करता येत नाही. शिष्य करा म्हणणाऱ्याला मला विचारावंसं वाटतं की त्या माणसाच्या घरी तुम्ही किती वेळा जाऊन बसलात. आणि नको म्हणणाऱ्याला विचारावंसं वाटतं की मग ती डबा घेऊन जाणारी म्हातारी कुणाची शिष्य होती. विचारत मात्र नाही.

मागच्या रविवारी प्रार्थना चालू होती, सगळ्यांचे डोळे मिटलेले. मागचं दार करकरलं. आम्ही दोघी एकदम वळलो. दारात तिची सासू उभी होती, हातात चपला, आत पाऊल न टाकता. तिनं हातानं खूण केली. बस निघायची वेळ झाली होती. फुलवालीनं बाकाखालून टोपली ओढली, माझा खांदा दाबला आणि पायांचा आवाज न करता गेली. दार पुन्हा लागलं. प्रार्थना अजून चालूच होती. मी उरलेली सगळी प्रार्थना डोळे उघडे ठेवून, दाराकडे पाहत ऐकली.